लामदुआनबाईंचे दोन आकडे

कालव्याच्या बांधावरून आम्ही निम्मी वाट आलो असू. मी म्हटलं, "बाई, सात किलोमीटर झाले." लामदुआनबाई थांबल्या, मागं वळून युकॅलिप्टसच्या रांगेकडे बघितलं, मग पुढच्या पुलाकडे, आणि म्हणाल्या, "साडेसहाच्या खाली नाहीत, आठच्या वर नाहीत."

"म्हणजे सातच की."

"सात तू म्हणालीस. मी नाही."

अशा त्या. साठीला टेकलेल्या, बुटक्या, रुंद बांध्याच्या. डोक्यावर ताडपानाची टोपी, पायांत रबरी बूट, काखेत कापडी पिशवी. पिशवीत केळीच्या पानात बांधलेला चिकट भात, भाजलेला मासा आणि एक डबा आंबट फणसपोळीचा, जुन्या विद्यार्थिनीसाठी, खिंगसाठी. पावसाळा सरत आला होता. दोन्ही अंगांना भात कमरेएवढा झालेला, बांधावर तांबडा चिखल. दर शंभर पावलांवर आम्ही काडीनं बूट खरवडत होतो.

"गाडीनं गेलो असतो तर एव्हाना पोचलो असतो," मी म्हटलं.

"नवस चालत जायचा बोललेय. गाडीनं येईन असा नवस कोण बोलतं, कुमुद?"

नवस असा होता. वर्षावासातल्या एका पवित्र दिवशी गावच्या विहारात तीन उदबत्त्या लावून बाई बोलल्या होत्या, की खिंगच्या आजीच्या गावी पायी जाईन आणि चार माणसांत खरं सांगेन. खरं काय ते तिघींनाच ठाऊक होतं. एक बाई, एक मी, आणि तिसरी ती पोर. ती चार वर्षं त्याबद्दल एक शब्द बोललेली नव्हती.

खिंग आता पंधरा वर्षांची आहे. तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत, पण आजीनं तिला मागाला बसवलंय आणि ती रेशीम चांगलं विणते. त्या गावात विणकरणींचा गट आहे. गटात असलं तरच सूत मिळतं आणि कापड विकलं जातं. गटानं खिंगला घ्यायला नकार दिला. कारण पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत आहे, की ही पोर अकराव्या वर्षी लाच घेऊन पैजवाल्यांना विकली गेली आणि बापाला खोटं सांगून बुडवलं. विकल्या गेलेल्या हाताचं कापड देवळात कोण वाहणार?

म्हणून आजीनं निरोप धाडला होता. "तुम्ही तिच्या बाई. तुमचा शब्द लोक मानतात. चार माणसं बोलावून ठेवते. येऊन एवढंच सांगा, की माझी नात विकली गेली नव्हती." आजीला वाटत होतं, बाई फक्त चांगला शब्द टाकतील. बाईंकडे त्याहून पुष्कळ जास्त होतं, हे तिला कुठून माहीत असणार?

"आजी काय म्हणेल गं?" बाईंनी विचारलं.

"काय म्हणायचं ते म्हणेल. तुम्ही सांगून मोकळ्या व्हा."

"मोकळी मी होईन. पण तीस तारखेला माझा निरोप समारंभ आहे. मंडप सांगून झालाय." थोडं चालून पुन्हा म्हणाल्या, "पदक पण देणार आहेत म्हणे."

मी वाकून बूट खरवडायला लागले.

माझे यजमान इथल्या साखर कारखान्यात केमिस्ट. सव्वीस वर्षं झाली आम्हाला थायलंडच्या या ईशान्य भागात, इसानात येऊन. मी मराठी शाळेत शिकलेली, पण मला इंग्रजी येतं असा गावाचा समज झाला आणि शाळेनं मला आठवड्यातून दोन दिवस बोलावलं. माझा तास बाईंच्या तासानंतर असायचा. मी लवकर जाऊन मागच्या बाकावर बसायची, म्हणून मला त्यांची शिकवण्याची तऱ्हा आतून माहीत झाली.

बाईंचा बाप म्हशींचा दलाल होता. त्याला लिहिता येत नव्हतं. म्हशीच्या कण्यावरून हात फिरवायचा, पोटाखाली वाकून बघायचा आणि बोलायचा, "चारशेच्या खाली नाही, चारशे तीसच्या वर नाही." काटा बहुतेक वेळा त्या दोहोंच्या मध्येच थांबायचा. पोरीला बाजारात बरोबर न्यायचा आणि आधी तिला विचारायचा. तिचा अंदाज बाहेर गेला की दोन थपडा. एक या गालावर, एक त्या. मग भाजलेल्या भाताचा गोळा हातात द्यायचा. मार संपला की विषय संपला. शाळेत मात्र तिनं असे दोन आकडे सांगितले की छडी बसायची, तिथं एकच आकडा लागायचा. हे सगळं त्यांनी मला हसत सांगितलं होतं.

पुढं त्या स्वतःच शिक्षिका झाल्या आणि चौतीस वर्षं एकाच शाळेत राहिल्या. लग्न केलं नाही. बदकं पाळली. वर्गात शिरल्या की फळ्यावर प्रश्न लिहायच्या. विहाराच्या तळ्यात बेडूक किती? भंतेजी एका प्रवचनात किती वेळा श्वास घेतात? आपल्या गावानं गेल्या वर्षी किती मिरच्या खाल्ल्या? पुस्तकात याची उत्तरं नाहीत. पोरांनी तीन गोष्टी लिहायच्या. खालचा आकडा, वरचा आकडा, आणि तिथवर कसे पोचलो ते. एखाद्यानं दोन आकड्यांत फार अंतर ठेवलं की बाई म्हणायच्या, "हे काय रे, म्हशीच्या नावानं हत्ती विकतोस?" फारच थोडं ठेवलं की, "एवढी खात्री? तळ्यात उतरून हजेरी घेऊन आलास वाटतं!"

मी पहिल्यांदा बसले त्या दिवशी दुपारच्या जेवणातल्या भाताची शितं मोजायची होती. एकेका गटाला एक घास नमुना म्हणून दिलेला. पाचच मिनिटांत एक मुलगी उभी राहिली. "बाई, आमचा नमुना यानं खाल्ला."

"मग त्याच्या पोटात किती शितं आहेत ते लिहा," बाई म्हणाल्या.

ती मुलगी खिंग. खिंग म्हणजे आलं. जन्मली तेव्हा पिवळट आणि वाकडीतिकडी होती म्हणून आजीनं ठेवलेलं नाव. या पोरीचा अंदाज कानात होता. बेडकांच्या प्रश्नाला सगळी पोरं तळ्याचे कोपरे मोजत बसली. ही डोळे मिटून काठावर बसली आणि एका श्वासात किती वेगळे आवाज येतात ते मोजून आली. बाईंनी तिची वही मला दाखवली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत एक."

सहाव्या महिन्यात इथं पावसाच्या देवाला अग्निबाण सोडतात. नळीत दारू ठासायची, मागं बांबूची लांब शेपूट बांधायची, उंच शिडीला टेकवून वात द्यायची. बाण आभाळात जातो आणि ध्वनिक्षेपकावरून एक जण मोजत राहतो, किती सेकंद वर राहिला. त्या मोजण्यावर पैजा लागतात. पैजवालेही दोन आकडे पुकारतात. "तीनशे दहा, तीनशे वीस!" कुणी खालच्याच्या खाली म्हणतं, कुणी वरच्याच्या वर. मधे पडलं तर कुणाचंच नाही.

बाई वर्गाला घेऊन मैदानावर आल्या आणि प्रश्न घातला, हा बाण किती सेकंद वर राहील? दारू किती, शेपूट केवढी, वारा कुठला, धूर कोणत्या रंगाचा, सगळं लिहून घ्या.

मी गंमतीनं म्हटलं, "बाई, हे पैजवाले तर तुमचंच गणित करतात."

"माझंच आहे," त्या हसून म्हणाल्या, "त्यांनी त्याला शेण लावलंय एवढंच."

खिंगनं त्या दिवशी दहा बाणांतले नऊ बरोबर सांगितले. ती बाण सुटतानाची शीळ ऐकायची. शीळ फाटकी असली की बाण लवकर पडतो, असं तिचं म्हणणं. बरोबर आलं की ती टाळ्या वाजवायची. तिच्या टाळ्या मागं उभ्या असलेल्या दोघातिघांनी ऐकल्या. त्यांत तिचा बाप खामफान होता, उसाच्या ट्रकचा ड्रायव्हर. पुढच्या गावच्या जत्रेला तो पोरीला खांद्यावर बसवून घेऊन गेला.

बाणांच्या जत्रा गावोगाव चालतात, एक संपली की दुसरी. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी खिंग शाळेत आली की बाकावर डोकं ठेवून झोपायची. बाई खामफानच्या घरी गेल्या. मी बरोबर होते. खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत तो चार जणांबरोबर बसला होता.

"खामफान, पोरीला शाळेत पाठव."

"शाळेतच शिकली ना हे? मग शाळेचाच अभ्यास करतेय की ती." बाकीचे हसले.

"मी पैजेसाठी नाही शिकवलं."

"मग कशासाठी शिकवलंत? बेडूक मोजायला? बाई, बेडूक मोजून कुणाच्या घरावर पत्रे चढले?"

दुसरा एक जण म्हणाला, "बाई, तुमचं लग्न किती वर्षांत होईल? वरचा आकडा राहू द्या, खालचाच सांगा."

त्यावर फार हसले. बाईंनी टोपी नीट केली, खामफानला हात जोडले आणि निघाल्या. वाटेत मला म्हणाल्या, "प्रांताच्या मोठ्या शाळेची परीक्षा आहे जूनमध्ये. ती पास होईल. खालच्या आकड्यानंसुद्धा पास होईल. फक्त त्या दिवशी ती माझ्या हाती लागली पाहिजे." परीक्षेला घालायला म्हणून त्यांनी तिला पांढरे कापडी बूट आणून दिले.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी शेजारच्या तालुक्यात मोठी जत्रा होती. गुरुवारी शाळा सुटल्यावर मी मागच्या बाजूला पावसाच्या पाण्याच्या रांजणाशी हात धूत होते. पलीकडे बाई आणि खिंग बोलत होत्या. त्यांना मी दिसले असेन असं मी धरून चालले.

"बाई, मला नाही जायचं. बाबा म्हणतो, हे झालं की पुढच्या आठवड्यात कालासिनच्या जत्रेला."

"मग एकदा चुकीचं सांग."

खिंगनं बाईंकडे बघितलं. मग म्हणाली, "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"तुम्हीच म्हणता, माहीत असून खोटा आकडा लिहिणं म्हणजे चोरी."

"या वेळी चालेल. मी सांगतेय ना. एकदा चुकलीस की ते तुला सोडतील. मग सोमवारी परीक्षेला तू मोकळी."

"मग काय होईल मला? खालचा आकडा सांगा."

"ओरडतील."

"वरचा?"

बाईंनी विचार केला. मला तो विचार ऐकू आला असंच वाटतं अजून. "दोन थपडा," त्या म्हणाल्या.

"दोनच्या वर नाही?"

"नाही."

"मग चालेल," खिंग म्हणाली. नवे बूट हातात घेऊन ती अनवाणी घरी गेली, चिखल होता म्हणून.

शनिवारी मी जत्रेत होते. बाई नव्हत्या, त्या विहारात गेल्या होत्या. मोठा बाण होता. खिंग बापाच्या खांद्यावरून उतरली, डोळे मिटले, शीळ ऐकली आणि म्हणाली, "दोनशे ऐंशीच्या खाली नाही, नव्वदच्या वर नाही." पायांत पांढरे बूट होते. सोमवारसाठी सवय करत होती म्हणे. पैजवाले तीनशे दहा, तीनशे वीस पुकारत होते, म्हणून खामफान आणि त्याच्या मागचे दहा-बारा जण खालच्या बाजूला उभे राहिले.

ध्वनिक्षेपकावरचा माणूस मोजत होता. दोनशे नव्वद झाले. तीनशे झाले. बाण ठिपक्याएवढा होऊन वरच होता. तीनशे दहाला खामफाननं पोरीकडे बघितलं. तीनशे चाळीसला पलीकडच्या गावचे लोक नाचायला लागले. तीनशे सत्तेचाळीसला बाण भातात पडला.

मी वाट बघत होते थपडांची. देवाला हात जोडून म्हणत होते, त्याला लवकर मारू दे आणि संपू दे. पण खामफाननं हात उचलला नाही.

गळ्यात सोन्याची साखळी घातलेला एक जण पुढं आला. तो अगदी मायेनं बोलला. "पोरीला लांबून ऐकू आलं नसेल रे. कान लहान आहेत. जवळून ऐकव तिला."

"हो ना," दुसरा म्हणाला, "शिडीपाशी न्या. आलं जरा किसून आणा."

हशा झाला. बायकासुद्धा हसल्या. खामफाननं खिंगचा हात धरला आणि तिला पुढच्या बाणाच्या शिडीच्या बुडाशी नेऊन उभं केलं. म्हणाला, "इथं उभं राहायचं. हलायचं नाही. ऐकायचं." बाण सोडणाऱ्या म्हाताऱ्यानं ओरडून सांगितलं, इथं कुणी उभं राहायचं नसतं. साखळीवाल्यानं त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. वातीचा रंग बदलला तसा खामफान हात सोडून पळाला. तिला हलायचं नाही असं सांगितलेलं होतं, ती हलली नाही. बाण वर गेलाच नाही. शिडीवरच फुटला.

बावीस दिवस ती प्रांताच्या दवाखान्यात होती. बापानं पाटीवर लिहून विचारलं, कुणी दिले पैसे? तिनं डाव्या हातानं लिहिलं, "चुकलं." त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच लिहिलं. बाईंचं नाव तिनं त्याला सांगितलं नाही, आजीला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही.

गावाला नुसतं 'चुकलं' पुरेना. नऊ वेळा बरोबर येणारी पोर दहाव्या वेळी एवढी चुकते कशी? आणि नवे बूट कुठून आले? पांढरे, कापडी, शहरातल्या दुकानातले. बूट हाच पुरावा झाला. पलीकडच्या गावानं बूट देऊन पोर फोडली. खामफान गाव सोडून रायोंगला गेला तो त्याच रागात. जाताना ते बूट तेवढे जाळून गेला.

मी बाईंना म्हटलं, "बूट तुम्ही दिलेत हे तरी सांगा."

"बूट सांगितले की पुढचं विचारतील."

"विचारू देत."

"आधी बरी होऊ दे तिला," त्या म्हणाल्या.

मीही गप्प राहिले. परक्या गावात आपण कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. रोज देवापुढं दिवा लावत होते, तो काही विझला नाही. हे मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

पावसाळ्याच्या शेवटी खिंग शाळेत परत आली. बाईंच्या वर्गात एक रिवाज होता. शुक्रवारी प्रश्न पोरांनी घालायचा, आणि घातलेला प्रश्न बाई कधी नाकारायच्या नाहीत. त्या शुक्रवारी पहिल्या बाकावरच्या एका पोरानं उभं राहून विचारलं, "किती जण एकदम ओरडले तर खिंगला ऐकू जाईल?"

वर्ग बाईंकडे बघायला लागला. बाईंनी खडू हातात घेतला. मला वाटलं, आता त्या याला बाहेर काढतील. त्यांनी प्रश्न फळ्यावर लिहिला. पुसून टाकायचं धैर्य त्यांना झालं नाही, असं त्या मला पुढं म्हणाल्या. पुसला असता तर का पुसला ते सांगावं लागलं असतं.

पोरं कामाला लागली. कुणी लिहिलं वीस ते तीस. कुणी म्हणालं, म्हशीचा आवाज म्हणजे सहा माणसं धरा. एक जण म्हणाला, "बाई, करून बघूया ना. तुम्हीच सांगता, करून बघा." तेवीस पोरं उठली आणि खिंगच्या बाकाभोवती गोळा झाली. खिंगनं फळा वाचला होता. ती हात मांडीवर ठेवून बसली. एक, दोन, तीन म्हणून सगळी ओरडली. खिडकीवरची पाखरं उडाली. खिंग एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं पाटी घेतली, डाव्या हातानं काहीतरी लिहिलं आणि पोरांना दाखवलं. तिनं लिहिलं होतं, "अजून जवळ या."

पोरं जवळ गेली आणि पुन्हा ओरडली. एका पोरानं कानाला तोंड लावलं. बाई फळ्याला पाठ टेकून उभ्या होत्या, हातातला खडू मोडला होता. सोमवारी खिंग आली नाही. आजी येऊन तिला तिच्या गावी घेऊन गेली.

त्याच्या पुढच्या वर्षी शिक्षण खात्याचे एक साहेब आले, बाईंचा तास बघितला आणि फार खूश झाले. उत्तर एक नसलेली गणितं, मुलं स्वतः विचार करतात, वा! त्यांनी विचारलं, "यात सगळ्यात हुशार कोण?"

"खिंग," पोरं म्हणाली, "पण ती आता बहिरी आहे."

"अरेरे," साहेब म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. बाईंना आदर्श शिक्षिकेचं प्रमाणपत्र मिळालं. ते मुख्याध्यापकांच्या खोलीत राजाच्या फोटोखाली लावलेलं आहे.

ऊन चढलं तसं आम्ही कालव्याच्या एका झडपेच्या कठड्यावर बसून भात खाल्ला. बाईंनी मासा सोडवून मोठा तुकडा माझ्यापुढं ठेवला. मी मांसमच्छी खात नाही हे सव्वीस वर्षांत त्यांच्या कधी लक्षात राहिलं नाही. मी तो परत त्यांच्या पानावर ठेवला.

"मी दोन का म्हटलं माहीत आहे?" त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. तुमचे वडील दोन द्यायचे."

"म्हैस बघून सांगायची असते. बाजारात दुसऱ्या म्हशी असतात, त्या बघायच्या असतात. मी एक बाप बघितला होता आयुष्यात. एक. त्यावरून सांगितलं." त्या माशाचे काटे एकीकडे काढत होत्या. "पोरांनी असं केलं असतं तर मी वही फेकली असती."

"आज सांगाल ना?"

"सांगणार म्हणून तर चालतेय."

पानं गुंडाळून आम्ही उठलो. शेवटचा पूल आला तेव्हा साधारण बारा वाजले होते. पलीकडे आजीचं घर दिसत होतं. घराखाली चटई अंथरली होती आणि तीन बायका, एक म्हातारा बसले होते. विणकरणींच्या गटाची प्रमुख पांढऱ्या सदऱ्यात, मध्यभागी. आजीनं खरंच चार माणसं बोलावली होती.

आम्हाला बघून खिंग पुलापर्यंत धावत आली. उंच झाली आहे. केस पुढं ओढून कान झाकलेले. तिनं गुडघे वाकवून बाईंना हात जोडले, बोटं वळत नाहीत म्हणून तळवे नीट जुळले नाहीत. बाईंच्या काखेतली पिशवी ओढून घेतली, वास घेतला, फणसपोळीचा डबा सापडला तशी हसली. मग आमच्यापुढं चालायला लागली, पिशवी छातीशी धरून.

बाई दहा पावलं चालल्या आणि माझं मनगट धरलं. खिंग आमच्यापुढं दोन हातांवर होती. आवाज खाली आणायची गरज नव्हती, तरी त्यांनी तो आणला, मग लक्षात आलं तसा नेहमीसारखा केला.

"कुमुद, तू बोल त्यांच्याशी."

"मी? बाई, नवस तुमचा आहे."

"चालत यायचा होता, आले चालत." त्या चटईकडे बघत होत्या. "तू देवधर्म करणारी, बाहेरची. तू खोटं बोलत नाहीस हे आजीला माहीत आहे, ती तुझंच ऐकेल. तुझ्या देवाची शपथ घे आणि सांग, की पोरीचा अंदाज चुकला, लहान होती, चुकला. एवढंच. तेवढ्यानं गटात घेतील तिला. माझं नाव नको घेऊस. निदान तीस तारखेपर्यंत तरी नको. ती तर बोलणार नाहीच. तू पण नको बोलूस, कुमुद, एवढं कर माझ्यासाठी."